काजलच्या तोंडात जाण्याआधी

तुमच्या दारापुढे वरात थांबली आणि तुम्ही हौसेनं घोडीच्या तोंडात काहीतरी कोंबलं, तेव्हा ते आधी स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहिलं होतं का?

नसेलच पाहिलं. कोणीच पाहत नाही. बुंदीचा लाडू, तेलकट पुरी, गुळाचा खडा, सकाळच्या उरलेल्या पोळ्या, हाताला लागेल ते. घोडी ओठ पुढे करते, तळहाताला गुदगुल्या होतात, लेकरं खिदळतात, कोणीतरी मोबाइल काढून फोटो घेतं. मग वाजंत्री पुढे सरकते, घोडीही पुढे जाते. तिच्या पोटात त्या लाडवाचं पुढे काय झालं हे बघायला तिच्यामागे कोणी जात नाही. माझी शेवंताआत्या जाते, कारण घोडी तिची आहे.

हे सगळं आज आठवण्याचं कारण साधं आहे. दारव्ह्याहून आमच्या गावाकडे येणारा रस्ता सध्या पिवळ्या धुळीनं भरला आहे. शेताशेतात सोयाबीन निघतं आहे. मळणीयंत्र एका बाजूनं दाणे सोडतं आणि दुसऱ्या बाजूनं कुटार उडवतं. कुटार म्हणजे दाणा काढून उरलेला भुसा, शेंगांची टरफलं, काड्यांचा चुरा. ते उन्हात चकाकतं, नाकात जातं, केसांत बसतं. जीपमध्ये बाजूला बसलेली बाई पदर नाकाला लावून म्हणाली, "किती चांगलं कुटार निघालं यंदा!" मी मान हलवली नाही. चांगलं दिसणाऱ्या कुटाराशी माझं एकदा भांडण झालेलं आहे. तेव्हापासून हा मोसम आला की माझं नाक आणि माझा संशय दोन्ही एकदमच जागे होतात.

संशयाचं शिक्षण मला दोन ठिकाणी मिळालं. एक घरात. बाबा एसटीच्या डेपोत कामाला होते आणि प्रत्येक सभेहून, मोर्चाहून, जयंतीहून वाटून उरलेली पत्रकं घेऊन यायचे. आमच्याकडे पत्रकं धान्यासारखी यायची आणि धान्यासारखी संपायची. फळीवर अंथरायला पत्रक, डब्याखाली पत्रक, वहीला कव्हर पत्रकाचं. मी अक्षरं त्यांच्यावरच जुळवली. पत्रकं तऱ्हेतऱ्हेची असत, पण खालच्या बाजूला फिरून फिरून एकच सवाल असे : यात फायदा कोणाचा? हा सवाल मला इतका पाठ झाला होता की शाळेत गुरुजींनी शाबासकी दिली तरी मी तो मनात विचारून घ्यायची.

दुसरं शिक्षण आत्याच्या तट्ट्यात. तट्टा म्हणजे बांबूच्या कुडाची, टिनाच्या छपराची जागा. तिथं काजल राहते. काजल पांढरी आहे. डोळ्यांच्या कडा मात्र काळ्याभोर, कोणी बोट फिरवल्यासारख्या, म्हणून हे नाव. आतोबा बँडमध्ये ढोल वाजवायचे. ते गेले तेव्हा ढोल त्यांच्या भावाकडे गेला आणि घोडी आत्याकडे राहिली. भावकीतल्या माणसांनी सांगितलं, बाईमाणसाला घोडी झेपणार नाही, विकून टाक. आत्या म्हणाली, "माह्या घरात सगळ्याईत कमी कटकट तिचीच हाये. तुम्हाले इकू काय?"

आत्याचा एक नियम होता आणि अजून आहे : आधी मी, मग घोडी. काजलच्या तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट आधी आत्याच्या नाकाखालून जाते, आणि जमेल ती तोंडातून. भिजवलेला चणा ती चावून बघते. आंबला असेल तर थुंकते आणि सगळा फेकते. गव्हाचा कोंडा चिमूटभर जिभेवर. मिठाचा खडा चाटून. पाणी ओंजळीनं. कडब्याची पेंढी सोडून मधल्या काड्या नाकाशी धरते, डोळे मिटते, आणि देवळात उभ्या असलेल्या बाईसारखी काही क्षण हलत नाही. आत्या देवळात जात नाही, म्हणून मला ती उपमा द्यायला आवडते. लहानपणी मी एकदा विचारलं, "आत्या, तू काहून खातं घोडीचं?"

"तिले बोलता येत नाही म्हणून."

"पण तिला नाक आहे की."

"भूक लागली का नाक कोण इच्चारते? तू शाळेतली खिचडी कशी खातं?"

ऋतूप्रमाणे तिचा हात बदलायचा. उन्हाळ्यात लग्नाची धामधूम. तेव्हा चारा पहाटे आणि दिवस बुडाल्यावर, दुपारी फक्त पाणी आणि सावली, कोंड्यात मीठ. वरातीहून घामाघूम आलेली घोडी आधी हिंडवायची, अंग निवू द्यायचं, मग पाणी, तेही थोडं थोडं, आणि दाणा त्याच्याही नंतर. पावसाळ्यात काम नाही, म्हणून दाणा जवळपास बंद. कोवळं गवत दिसलं म्हणून सोडून द्यायचं नाही. हिरवं अधाशासारखं खाल्लं की पोट फुगतं. टापांखाली कोरडं राहील असं बघायचं. थंडीत लोक म्हणायचे, दाणा वाढव, अंगात ऊब येईल. आत्या दाण्याला हात लावायची नाही, कडबा वाढवायची. म्हणायची, चारा पोटात शेणीसारखा सावकाश पेटत राह्यते. आणि कुठलाही बदल एकदम नाही. नवा चारा आला तर जुन्यात मूठभर मिसळायचा, उद्या दोन मुठी.

आमच्या गावात हे सगळं लोकांना वेड्यासारखं वाटे, आणि त्यात लोकांचा दोष नाही. आमचा मुलूख बैलाचा. कापूस, सोयाबीन, तूर आणि बैल. बैलाला काय चालतं हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. सरकी चालते, ढेप चालते, कुटार तर चालतंच. बैल भराभर गिळतो, मग निवांत बसून रवंथ करतो, आत गेलेलं पुन्हा तोंडात आणतो. त्याच्या पोटात कोठारच आहे. घोड्याला तसं काही नाही. एक छोटं पोट, त्यामागे लांबलचक आतडं, आणि आत गेलेलं परत बाहेर काढायची सोय निसर्गानं ठेवलेली नाही. घोडा ओकत नाही. आत गेलं ते गेलं. मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ काजलच्या गळ्यावरून हात फिरवत होते. ज्याला नको असलेलं बाहेर टाकता येत नाही, त्यानं सगळ्यांचं सगळं खाऊन घ्यावं अशी आपली अपेक्षा असते. असं फक्त घोड्यांच्याच बाबतीत होतं असं नाही.

आता त्या मोसमाकडे येते. दोन-तीन वर्षांपूर्वीची दिवाळी. मी यवतमाळला शिकत होते आणि सुट्टीत घरी आले होते. परतीचा पाऊस त्या वर्षी परत जायला तयार नव्हता. कापलेलं सोयाबीन शेतात ढिगानं पडलेलं, वर ताडपत्र्या, ताडपत्र्यांवर तळी. हवेत ओल्या शेंगांचा आंबूस वास. ऊन पडलं की सगळं गाव एकदम धावे, ढग आला की एकदम परते.

कडबा मिळेना. मिळणार कुठून? आजूबाजूच्या शिवारात ज्वारी पेरणारा माणूस शोधावा लागतो. ज्वारी कुठे गेली, हा खरंतर एका वेगळ्या पत्रकाचा विषय आहे. रानडुकरं एका रात्रीत उभं पीक आडवं करतात, जंगल खातं भरपाईसाठी कागद मागतं, बाजार सोयाबीनला हाक मारतो. माणसाच्या ताटातून भाकर कमी झाली तेव्हा थोडी तरी चर्चा झाली. घोडीच्या पुढ्यातून कडबा गेला, त्याची बातमी कोण छापणार? आत्या शिल्लक पेंढ्या उलगडून उलगडून पुरवत होती.

आणि नेमक्या त्याच दिवसांत वस्तीत सुमेधचं लग्न ठरलं. सुमेध शेजारचा, दारव्ह्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. आमच्यात मुहूर्त नसतो, रविवार असतो. रविवार ठरला. सुमेधनं एकच गोष्ट मागितली : वरात काजलवरून, आणि मधल्या रस्त्यानं.

मधला रस्ता म्हणजे ग्रामपंचायतीवरून, मोठ्या घरांच्या ओट्यांपुढून जाणारा सिमेंटचा रस्ता. आमच्या वस्तीच्या वराती आजवर मागच्या पांदणीनं, शेतांमधल्या कच्च्या वाटेनं जायच्या. कोणी अडवलं होतं का? तसं नाही. कोणी कधी 'नका जाऊ' म्हणालं नव्हतं. कोणी कधी 'या' असंही म्हणालं नव्हतं. काजल मात्र त्या रस्त्यानं कैकदा गेलेली. मोठ्या घरांचे नवरदेव तिच्याच पाठीवर बसून गेले. घोडीला रस्ता माहीत होता, तिच्या मालकिणीच्या माणसांना नव्हता.

पानठेल्यावर कोणीतरी म्हणालं, "पाहू ना बाप्पा, घोडी कुठवर जाते तं." म्हणणारा हसत म्हणाला. ऐकणारेही हसले. मी ते हसू घरी घेऊन आले आणि रात्रंदिवस उलटून पालटून बघत राहिले.

त्याच आठवड्यात वामनरावांचा ट्रॅक्टर आत्याच्या दारात थांबला. वामनराव म्हणजे मधल्या रस्त्यावरच्या मोठ्या घरातले शेतकरी, गावाच्या पूर्वेकडची बरीचशी काळी जमीन त्यांची. ट्रॅक्टरभर कुटार आलं होतं. गडी म्हणाला, मालकानं धाडलं, घोडीसाठी, पैसे नको म्हणे. आत्यानं नियमाप्रमाणे मूठ भरली, नाकाशी धरली, डोळे मिटले. "चांगलं हाये," म्हणाली. नेहमीसारखी मिसळून मिसळून चार दिवसांत ती काजलला कुटारावर आणायला लागली. माझ्या डोक्यात मात्र डब्याखालच्या पत्रकातला सवाल वाजायला लागला. फुकट? वामनरावांनी? आत्ताच? यात फायदा कोणाचा?

"आत्या, मला हे बरोबर वाटत नाही."

"तुले तं मह्या हातचा चहाही बरोबर वाटत नाही."

"त्यांनी आजवर कधी काही फुकट दिलं?"

"पोट्टे, पत्रक वाचून घोडीचं पोट भरत नाही. कडबा आण, मी कुटार फेकतो."

कडबा माझ्याकडे नव्हता. मी नुसती बघत राहिले.

लग्नाला आठवडा उरला असेल. दुपारची वेळ, ऊन स्वच्छ. काजल पुढच्या टापेनं जमीन खरवडायला लागली. मग मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघायला लागली, जणू तिथं कोणीतरी उभं राहून तिला हाक मारतंय. वरचा ओठ मुडपला. अंगावर घाम फुटला आणि पांढरी कातडी करडी दिसायला लागली. बसली, उठली, पुन्हा बसली, लोळायला गेली. आत्या हातातलं सूप टाकून धावली, काजलच्या कुशीला कान लावून उभी राहिली. घोड्याच्या पोटात कायम काहीतरी चाललेलं असतं, गुरगुर, खळखळ, लांबून जाणाऱ्या मालगाडीसारखं. आत्यानं एका बाजूनं ऐकलं, दुसऱ्या बाजूनं ऐकलं. तिचा चेहरा बघून मला कळलं.

"आवाज नाही," ती म्हणाली. "पोट धरलं वं इचं."

तिनं पुढ्यातला सगळा चारा ओढून काढला आणि मला सांगितलं, तालुक्याच्या डॉक्टराले फोन लाव. डॉक्टर येईपर्यंत आम्ही काजलला धरून वस्तीच्या मैदानात हळूहळू चालवत होतो, कारण ती अंग टाकून लोळू पाहत होती आणि त्या लोळण्याची आत्याला धास्ती होती. सुमेध दुकान टाकून आला. वस्ती गोळा झाली. कोणी म्हणे ओवा द्या, कोणी म्हणे ताक. आत्या ओरडली, "कोणी काही देजो नका! इच्या तोंडाजवळ हात आणला तं मोडीन!"

मी त्या वेळात काय करत होते? मी पुरावे गोळा करत होते. तट्ट्यामागच्या कुंपणात फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली सापडली. मी ती काठीनं उचलून पिशवीत घातली. सांगायला हवं की कापसाच्या मुलखात अशी बाटली कुठल्याही कुंपणात सापडते. ते मला तेव्हाही माहीत होतं. पण पानठेल्यावरचं हसू, फुकटचं कुटार, ही बाटली, आणि रविवार. चारही गोष्टी एका ओळीत उभ्या होत्या आणि ओळ सरळ वामनरावांच्या फाटकाकडे जात होती.

डॉक्टर आले. तरुण होते, मोटरसायकलवर. त्यांनी कान लावला, नाडी बघितली, इंजेक्शन दिलं. मग नाकातून लांब नळी हळूहळू पोटात सरकवली, तिच्यातून तेल आणि पाणी सोडलं. काजल डोळे मोठे करून उभी होती. आत्यानं तिचं डोकं छातीशी धरलं होतं आणि तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होती. मी जवळ गेले तेव्हा कळलं की ती काजलला शिव्या देत होती, एकापेक्षा एक प्रेमळ.

"विष असेल का?" मी डॉक्टरांना विचारलं.

ते म्हणाले, तशी लक्षणं दिसत नाहीत, पोट गच्च झालंय. काय खाल्लं? मी कुटार आणून दाखवलं. त्यांनी वरचं बाजूला सारलं, तळातलं हातात घेऊन चोळलं. काळपट पांढरी भुकटी त्यांच्या बोटांना लागली. "बुरशी आहे," ते म्हणाले. "बैल पचवेल एखादवेळ. घोडी नाही."

पुढचे काही तास मी आयुष्यात विसरणार नाही. अख्खी वस्ती एका घोडीच्या शेपटीकडे डोळे लावून बसली होती. म्हातारी माणसं, लेकरं, बाळंतीण पोर, सगळे. दिवस कलायला लागला. आणि मग काजलनं शेपूट उचललं. लीद पडली. थोडीशी, कोरडी, पण पडली. टाळ्या वाजल्या. सुमेधची आई डोळे पुसायला लागली. कोणीतरी म्हणालं, "जयंतीलेही एवढ्या टाळ्या नव्हत्या पडल्या बाप्पा." आत्यानं लीद हातात घेऊन फोडली, बघितली, वास घ्यायला नाकाशी नेली. आणि तिचा हात तिथंच थांबला. तेव्हा मला वाटलं, थकली असेल.

घोडी वाचली. पण डॉक्टर बजावून गेले : काही दिवस पाठीवर कोणी बसायचं नाही, चारा थोडा थोडा आणि कोरडा. रविवारी काजलवर सुमेध बसणार नव्हता.

माझ्या डोक्यात पत्रक तयार होतं. मथळा लिहिलासुद्धा : वरात रोखण्यासाठी घोडीच्या चाऱ्यात घात? बाबांनी ते वाचलं, चष्मा काढला.

"हे प्रश्नचिन्ह कायले?"

"अजून खात्री नाही म्हणून."

"मंग खात्री करून ये. आपण जिंदगीभर पत्रकं वाटली पोरी, लोकं वाचतात कारण आपण प्रश्नचिन्हामांगं लपत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आत्या वामनरावांच्या वाड्याऐवजी सरळ त्यांच्या गोठ्याकडेच गेलो. ते बैलांपुढे टोपली ओतत होते.

"जयभीम," आत्या म्हणाली.

"राम राम. काय म्हणतं शेवंता, घोडी कशी हाये आता?"

"उभी हाये. तुमचं कुटार पाहाले आलो."

"पाह्य ना. हे काय, माह्ये बैल तेच खाऊन राह्यले." त्यांनी टोपली आमच्याकडे कलती केली. तेच कुटार. तीच काळपट झाक. दोन्ही बैल मन लावून खात होते. एकानं आमच्याकडे बघून कान हलवला आणि पुन्हा तोंड खुपसलं.

माझी सरळ ओळ तिथंच वाकली. मला ते आवडलं नाही. एखाद्याचा इतका सुंदर संशय घ्यावा आणि त्याच्या बैलांनी तो चावून गिळावा, याचा राग येतो माणसाला.

वामनराव म्हणाले, "लोकं काय बोलून राह्यले ते आलं माह्या कानावर. अवं, मी कायले घोडीले मारीन? माह्या पोराची वरात तिच्यावरच गेलती."

"मग फुकट काहून दिलं?" मी विचारलं. "आजवर तं कधी दिलं नाही."

त्यांनी बैलाच्या पाठीवरची माशी हाकलली. मग म्हणाले, "भिजलं होतं. भिजलेलं कोण इकत घेते?"

"म्हणजे विकायच्या लायक नव्हतं, आमच्या लायक होतं."

"तसं नाही बाई. माह्ये बैल खाऊन राह्यले म्हणून..."

"बैल तुमचे आहेत. तुम्हाला माहीत होतं ते भिजलेलं आहे. धाडताना एक शब्द सांगता आला असता. एक शब्द."

त्यांनी मान खाली घातली की नुसतं खाली बघितलं, हे मला आजही ठरवता येत नाही. मी आणखी बोलणार होते. माझ्याजवळ बाटली होती, पानठेला होता, पांदण होती, आजोबांच्या काळापासूनचं सगळं होतं. तेवढ्यात आत्या पुढे झाली, टोपलीत वाकली, दोन्ही हातांनी कुटार नाकाशी नेलं आणि लांब श्वास घेतला.

"येते," ती म्हणाली. "बुरशीचा वास आता येते मले."

"आता म्हणजे?"

"दहाक दिवस नाक बंद होतं माह्यं. पावसानं सर्दी झालती. लिदीचा वासही नाही आला काल, तवा समजलं." तिनं हात झटकले. "त्या दिवशी मूठ नाकाशी धरली. वास आलाच नाही, तं म्हटलं चांगलं हाये."

सगळी वस्ती आत्याच्या नाकावर विसंबून होती, आणि आत्या स्वतःही. सगळ्या जगावर संशय घेणारी ती बाई, स्वतःच्या नाकावर तिनं कधी संशय घेतला नव्हता.

परत येताना मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "तुह्यं नाक चांगलं हाये. उद्यापासून दोघी वास घेऊ."

मी ते पत्रक फाडलं नाही. मथळा खोडला आणि कागद ठेवून दिला, कारण त्याखाली जे लिहायचं ते मला अजून पुरतं सापडलेलं नाही. घात नव्हता. पण जे स्वतःला नको ते दुसऱ्याकडे धाडायचं, त्याला देणं म्हणायचं, आणि घेणाऱ्याला काय झेपतं हे विचारायचंसुद्धा नाही, याला काय म्हणतात? त्यासाठी आमच्याकडे एखादा शब्द असायला हवा होता. विष म्हटलं की पोलीस येतात. याच्यासाठी कोणी येत नाही.

रविवारी वरात निघाली. सुमेधला सगळ्यांनी सांगितलं, जीप सांगू. तो म्हणाला, "घोडी पायी चालते नं? मंग मीही पायी चालतो." काजल सर्वांच्या पुढे होती. अंगावर झूल होती, गळ्यात झेंडूची माळ होती, पाठ रिकामी होती. लगाम आत्याच्या हातात. मागे फेटा बांधलेला सुमेध, त्याच्यामागे बँड, मग आम्ही. मधल्या रस्त्यावर ओट्याओट्यांवर माणसं उभी होती. कोणी काही म्हणालं नाही. रिकाम्या पाठीची घोडी आणि पायी चालणारा नवरदेव, याला काय म्हणायचं हे त्यांना सुचत नसावं. मी प्रत्येक हाताकडे बघत होते. एका बाईनं लाडू पुढे केला, मी मध्ये जाऊन हात जोडले. "घोडीचं पोट बिघडलंय काकू, मला द्या." तिनं दिला. मी खाल्ला. चांगला होता.

वामनरावांच्या फाटकापुढे रस्त्याच्या कडेला बादली ठेवलेली होती. गोठ्यातली नव्हे, स्वयंपाकघरातली, घासून लखलखीत केलेली स्टीलची, काठोकाठ पाणी. वामनराव फाटकात उभे. "आत्ताच भरलं," म्हणाले. कोणाकडे न बघता.

आत्या थांबली, म्हणून काजल थांबली, म्हणून वरात थांबली, आणि बँडवाल्यांचे हात आपोआप उतरले. आत्या बादलीपुढे बसली. पाण्यावर वाकून वास घेतला. माझ्याकडे बघितलं. मीही वाकले, वास घेतला, मान हलवली. समोरच्या ओट्यावरून कोणीतरी ओरडलं, "काहून वं शेवंते, इख टाकलं काय त्यात?"

"टाकलं असन तं पयले मी मरीन," आत्या म्हणाली. "तू आरामात वरात पाह्यजो."

मग तिनं त्या घरच्या पाण्यात, सगळ्या गावासमोर, दोन्ही हात बुडवले. ओंजळ भरली. प्यायली. थोडं थांबली, ओठ पुसले. आणि लगाम सैल सोडून म्हणाली, "पे वं."

काजल पाणी प्यायली. घोडी पाणी पिते तेव्हा कान मागेपुढे हलतात, प्रत्येक घोटाबरोबर, आणि गळ्यातून घोट वर चढताना दिसतो. तिनं बादली अर्धी केली. तोवर कोणी हललं नाही.

वामनरावांनी ती बादली का ठेवली? शरम वाटली म्हणून? गावात नाव राहावं म्हणून? घोडीवर जीव होता म्हणून? मला माहीत नाही, आणि मी त्यांना पूर्ण गुण देणार नाही. यंदा परतीचा पाऊस आला तेव्हा त्यांच्या कुटाराच्या गंजीवर नवी ताडपत्री दिसली, आणि गड्यानं निरोप आणला, 'येऊन हात घालून पाह्यजा, पटलं तं नेजा.' आम्ही गेलो. दोघींनी वास घेतला, तळापर्यंत हात घातला. कोरडं होतं. तरी घरी आणून आधी दोन दिवस उन्हात पसरलं, आणि आज जुन्या कडब्यात पहिली मूठ मिसळली. काजल आता थोडी म्हातारी झाली आहे, दातांनी सावकाश चावते. मी तट्ट्याच्या दाराशी बसून हे लिहिते आहे आणि अधूनमधून उठून तिच्या कुशीला कान लावते. आत गाडी चालू आहे.

तुळशीचं लग्न झालं की तुमच्याही दारावरून वराती जातील. घोडी थांबेल, ओठ पुढे करेल, आणि तुमचा हात लाडवाकडे जाईल. तो मागे घ्या. तिला काय झेपतं हे तुम्हाला माहीत नाही, आणि तिला सांगता येत नाही. द्यायचंच असेल तर घरातल्या प्यायच्या पाण्याची एक बादली घासून, भरून रस्त्याच्या कडेला ठेवा. घोडी कोणत्या वस्तीची आहे, हे विचारू नका. आणि लगाम धरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत संशय दिसला तर रागावू नका. बादलीपुढे बसा, ओंजळ भरा, आणि त्याच्यासमोर पहिला घोट तुम्ही प्या.